जोनाथन कोल्टनचा 'थिंग अ वीक' संच: चार अल्बम, बावन्न गाणी, आणि मी पैसे का दिले

बरेच दिवस लिहायचं होतं, आज रविवार आहे, घरात कोणी नाही, म्हणून बसलोय. जोनाथन कोल्टन या अमेरिकन गायक-गीतकाराचे 'थिंग अ वीक'चे चारही अल्बम मी त्याच्या स्वतःच्या साइटवरून विकत घेतले. ऑफिसातल्या दोघांनी विचारलं की अरे यूट्यूबवर सगळं पडलंय, स्पॉटिफायवर पण आहे, मग पैसे कशाला घातलेस. त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर म्हणजेच हा रिव्ह्यू समजा.

आधी एका वाक्यात सांगतो. तुम्ही आयटीत असाल, गिटार वाजवत असाल किंवा नुसतं विनोदी गाणं आवडत असेल, तर हा संच घ्या, सगळी बावन्न गाणी आवडणार नाहीत, पण वीसेक गाणी अशी आहेत की ती आयुष्यभर जवळ राहतात.

मी पहिल्यांदा ऐकलं ते २००८ मध्ये. हिंजवडीला नवीन होतो, एका अमेरिकन क्लायंटचं रिलीज होतं, रात्रीचे अडीच वाजलेले, बिल्ड (कोडमधून तयार होणारा प्रोग्राम) तिसऱ्यांदा पडलेला. शेजारच्या डेस्कवरचा माझ्याहून दोन वर्षं सीनियर मुलगा, त्याने काही न बोलता हेडफोनचा एक कान माझ्याकडे सरकवला. गाणं होतं 'कोड मंकी'. एक कोडिंग करणारा माणूस सकाळी उठतो, कॉफी घेतो, कामावर जातो, कंटाळवाण्या मीटिंगमध्ये बसतो, तिथे मॅनेजर त्याला सांगतो की तू मेहनती आहेस पण तुझा कोड ना धड चालतो ना त्यात काही सौंदर्य आहे, आणि याला वाटतं की तुलाच एवढं कळतं तर तूच लिही ना, पण तोंडाने काही बोलत नाही. रिसेप्शनवर एक मुलगी बसते, तिच्यावर याचा जीव आहे, तिला धड काही सांगताही येत नाही, काहीतरी प्यायला आणून देऊ का एवढंच विचारतो. आणि हे सगळं तो तुटक तुटक भाषेत गातो, माकडाने बोलावं तसं, क्रियापदं धड नाहीत. आम्ही दोघं हसलो. मग कडव्याच्या शेवटी चाल वर चढते आणि तो म्हणतो की एक दिवस मला सगळं मिळेल, आणि तिथे माझा आवाजच गेला. अडीच वाजता, पडलेल्या बिल्डसमोर. ते गाणं कोणीतरी माझ्याबद्दल लिहिलंय असं वाटलं होतं, आणि नंतर कळलं की माझ्यासारख्या हजारो लोकांना तेच वाटलं होतं, सगळ्या जगात.

तर हा माणूस कोण. जोनाथन कोल्टन, जन्म १९७०, येल विद्यापीठात शिकला, तिथे कॉलेजच्या गाणाऱ्या ग्रुपमध्ये होता, राहतो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. शिकून झाल्यावर कित्येक वर्षं त्याने सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामरची नोकरी केली. म्हणजे 'कोड मंकी' लिहिणारा माणूस बाहेरून बघून मजा करत नव्हता, तो त्याच खुर्चीत बसलेला होता. २००५ च्या सप्टेंबरात त्याने नोकरी सोडली. घरी तान्ही मुलगी, वय पस्तिशीला आलेलं, हातात कुठल्या रेकॉर्ड कंपनीचा करार नाही. आणि त्याने ठरवलं काय, तर दर आठवड्याला एक गाणं लिहायचं, घरीच रेकॉर्ड करायचं आणि शुक्रवारी इंटरनेटवर टाकायचं. सुचो न सुचो. १६ सप्टेंबर २००५ ला पहिलं आणि ३० सप्टेंबर २००६ ला शेवटचं. बावन्न गाणी. त्याच बावन्न गाण्यांचे हे चार अल्बम.

हे वाचायला सोपं वाटतं पण जरा करून बघा. मी २०१६ मध्ये ठरवलं होतं की दर रविवारी गिटारवर एक नवीन तुकडा बसवून रेकॉर्ड करायचा. पाचवा रविवार आला तेव्हा घरात आजारपण होतं, सहाव्याला ऑफिसचं काम, आणि तिथे ते थांबलं. त्यामुळे त्या वर्षाची मला खरी किंमत कळते. ज्या आठवड्यात काहीच सुचत नाही त्या आठवड्यातही तो काहीतरी घेऊन उभा राहिलाय आणि ते संचात ऐकू येतं. काही वेळा त्याने दुसऱ्याचं गाणं स्वतःच्या पद्धतीने गायलंय. एकदा तर फ्लिकर नावाच्या फोटोंच्या साइटवर लोकांनी मोकळ्या परवान्यावर टाकलेले फोटो घेऊन त्यांच्यावरच गाणं रचलंय. आज ते फोटो कोणाला आठवत नाहीत पण त्या गाण्यात त्या वेळचं इंटरनेट कसं होतं ते जसंच्या तसं सापडतं, माणसं एकमेकांची चित्रं बघून खूश व्हायची, एवढंच.

आता गिटारबद्दल, कारण त्याबद्दल लोक फार कमी लिहितात. कोल्टनला सगळे विनोदी गाणी लिहिणारा म्हणून ओळखतात, पण मुळात तो अकूस्टिक गिटार घेऊन एकटा उभा राहणारा माणूस आहे. फार वेगवान सोलो नाहीत, गळ्याखाली न उतरणारी करामत नाही. त्याचं कौशल्य उजव्या हातात आहे. 'कोड मंकी'च्या कडव्यात स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवणं) दाबून धरलेलं आहे, तारा मोकळ्या वाजत नाहीत, आणि धृपदाला हात मोकळा सुटतो, तेव्हा तो ऑफिसातून बाहेर पडल्यासारखा वाटतो. मी हे गाणं वाजवायला बसलो तेव्हा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) अर्ध्या तासात सापडले, पण तो दाबून धरण्याचा आणि सोडण्याचा भाग बसायला दोन आठवडे गेले. शब्द हसवतात, तेव्हा गिटार अजिबात हसत नाही, ती अगदी गंभीरपणे प्रेमगीत वाजवत असते. हे त्याचं सगळ्यात मोठं गमक आहे असं माझं मत आहे. विनोदी गाण्यात वाद्यानेही विदूषकी केली की गाणं दुसऱ्यांदा ऐकवत नाही. कोल्टनचं पन्नासाव्यांदा ऐकवतं.

कार्यक्रमात तो झेनड्रम नावाचं एक वाद्य पण घेतो, गिटारसारखं गळ्यात अडकवायचं आणि बोटांनी त्यावरची बटणं मारून ढोल, झांजा, काय हवं ते वाजवायचं. 'मिस्टर फॅन्सी पँट्स'चे व्हिडिओ बघा, माणूस किती रमलाय ते कळेल.

गाण्यांत बोलणारं कोण असतं ते बघण्यासारखं आहे. कोल्टन स्वतः फार कमी गाण्यांत बोलतो. एका गाण्यात बोलणारा आहे समुद्राच्या तळाशी एकटा पडलेला राक्षसी स्क्विड, एकात डोंगरातल्या गुप्त अड्ड्यावर राहणारा वेडा शास्त्रज्ञ, त्याने एका मुलीला डांबून ठेवलंय आणि तिला खूश करायला अर्धं माकड अर्धं घोडं असा प्राणी बनवलाय आणि ती का खूश होत नाही ते त्याला कळत नाही (ही दोन गाणी या संचात नाहीत, त्याआधीची आहेत, पण शोधून ऐका). एकात मेलेला ऑफिस कर्मचारी. एकात चंद्र. मला हे ऐकताना आपलं भारूड आठवतं. नाथांच्या भारुडात जोशी बोलतो, महारीण बोलते, वेडी बोलते, विंचू चावलेला बोलतो, आणि ऐकणारा आधी हसतो, मग त्याला कळतं की हे आपल्याच घरचं चाललंय. कोल्टनच्या गाण्यात अध्यात्म नाही, पण दुसऱ्याच्या तोंडाने बोलून ऐकणाऱ्याला स्वतःपाशी आणून सोडायची रीत तीच आहे. त्याच्या गाण्यात सहसा कोणाची टर उडवलेली नसते. जो एकटा पडलाय, ज्याला बोलता येत नाही, त्याच्या बाजूने तो गातो.

'री: युअर ब्रेन्स' हे ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा ऐकायलाच हवं. बॉब नावाचा कर्मचारी झाँबी झालाय. त्याच्याच ऑफिसातला टॉम एका मॉलमध्ये दारं लावून लपलाय. बॉब बाहेर उभा आहे आणि टॉमला समजावतोय की दार उघड, आम्हाला फक्त तुझा मेंदू खायचाय. पण तो ओरडत नाही, धमकावत नाही, तो मीटिंगमध्ये बोलतात तसा बोलतो. आपण दोघांनी मिळून मधला मार्ग काढू, तुझा मुद्दा मी समजू शकतो, आम्ही काही अवास्तव मागत नाहीये, अशी सगळी भाषा. मी एका प्रोजेक्टवर होतो तिथे अगदी अशाच आवाजात आमचे शनिवार-रविवार मागितले जायचे. कोणी आवाज चढवायचं नाही, सगळं गोड, आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला कॅलेंडरवर इन्व्हाइट यायचं. ते गाणं ऐकल्यावर मला पहिल्यांदा त्या गोड भाषेचं नाव सापडलं. आमच्या टीमने त्या वर्षीच्या ऑफिस पार्टीत हे गाणं म्हटलं, मी गिटारवर होतो, आणि धृपदाला सगळा हॉल झाँबींसारखा विव्हळत गात होता, मॅनेजर सुद्धा. कोल्टनच्या कार्यक्रमात प्रेक्षक हेच करतात. सोमवारी आमच्या मॅनेजरने मला कँटीनमध्ये गाठलं आणि विचारलं, "मी पण असाच बोलतो का रे?" मी म्हटलं, "कधी कधी, सर." त्यानंतर शुक्रवारची इन्व्हाइट थांबली नाहीत, पण यायच्या आधी फोन यायला लागला, एवढा फरक पडला आणि तो मला छोटा वाटत नाही.

आता व्यवहाराचा भाग, कारण हा रिव्ह्यू आहे आणि लोक विचारतील.

साइट साधी आहे, झगमगाट नाही. अल्बम निवडा, पैसे भरा, फाइल उतरवा. एमपीथ्रीला कुठलंही कुलूप नाही, म्हणजे फोनवर टाका, गाडीत पेनड्राइव्हवर टाका, कोणी अडवत नाही. माझं पेमेंट पहिल्यांदा दोनदा फेल गेलं, पण त्यात त्याच्या साइटचा दोष नव्हता, माझ्या बँकेने कार्डावरचे परदेशी व्यवहार न विचारता बंद करून ठेवले होते आणि कस्टमर केअरवर वीस मिनिटं गाणं ऐकत थांबल्यावर ते कळलं. ॲपमध्ये जाऊन सुरू केलं, मर्यादा लावली, तिसऱ्यांदा व्यवस्थित झालं. तुम्ही घ्यायच्या आधी एवढं तपासून घ्या.

या साइटची एक जुनी गोष्ट मला फार आवडते. पूर्वी तिथे एक भाग होता, 'आधीच चोरलंय का?' अशा अर्थाचा. म्हणजे तुम्ही गाणी फुकटात कुठूनतरी उतरवून घेतली असतील तरी काही हरकत नाही, आता वाटलं तर थोडे पैसे द्या, आणि नुसते द्यायचे नसतील तर एक केळं, माकड किंवा रोबो विकत घ्या, त्याचं छोटं चित्र तुमच्या निरोपासकट साइटवर लागेल. लोकांनी खरंच घेतले. २००५-०६ ची ती वेळ आठवा, रेकॉर्ड कंपन्या गाणी उतरवणाऱ्यांवर खटले भरत होत्या, आणि हा एकटा माणूस, ज्याची नोकरी नाही, तो ऐकणाऱ्याला चोर न म्हणता त्याच्याशी घरच्यासारखं बोलत होता. मी पैसे का दिले त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. ज्याने माझ्यावर विश्वास ठेवला त्याला द्यायला हात मागे येत नाही.

गाणी त्याने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर सोडली होती, म्हणजे धंदा करायचा नसेल तर घ्या आणि त्यातून काहीही बनवा. त्याचं फळ असं मिळालं की ऐकणाऱ्यांनीच त्याच्या गाण्यांचे व्हिडिओ केले. स्पिफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चाहत्याने वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममधली पात्रं वापरून 'कोड मंकी' आणि 'री: युअर ब्रेन्स'चे व्हिडिओ केले आणि ते प्रचंड फिरले, मी स्वतः 'री: युअर ब्रेन्स'चा आधी व्हिडिओच बघितला होता आणि मला वाटलं होतं गाणं त्या गेमचंच आहे. स्लॅशडॉट नावाच्या तांत्रिक बातम्यांच्या साइटवर 'कोड मंकी' गेलं आणि एका रात्रीत तो जगभरच्या प्रोग्रामरांचा झाला. जाहिरातीला एक पैसा नाही, चाहत्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं.

त्यानंतर 'पोर्टल'. सिअॅटलमधल्या एका कार्यक्रमानंतर वॉल्व्ह या गेम कंपनीची माणसं त्याला भेटली, आणि २००७ च्या ऑक्टोबरात आलेल्या 'पोर्टल' गेमच्या शेवटी नामावलीवर वाजणारं 'स्टिल अलाइव्ह' त्याने लिहिलं. गायलंय एलन मॅक्लेनने, गेममधल्या ग्लॅडोस या संगणकाच्या आवाजात. अख्खा गेम ती तुम्हाला मारायला बघते, तुम्ही तिला हरवता, आणि मग ती शांतपणे गाते की मी रागावलेली नाही, मी अजून जिवंत आहे. ते गाणं या संचात नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण बरेच जण त्यासाठी संच घेतील आणि हिरमुसतील.

पण ते सांगायचं कारण वेगळं आहे. मागच्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला नाशिकहून आमच्याकडे आली होती, तेरा वर्षांची, गेम खेळण्यात पक्की. माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'पोर्टल' होता, तिने चार दिवसांत संपवला. मी किचनमध्ये पोहे करत होतो आणि हॉलमधून ते गाणं ऐकू आलं. बाहेर आलो तर ही गुडघे पोटाशी घेऊन स्क्रीनकडे बघतेय, नामावली सरकतेय, डोळे भरलेले. म्हणाली, "मामा, ती व्हिलन आहे ना? मग मला तिचं वाईट का वाटतंय?" मी म्हटलं, "अगं, हे लिहिणाऱ्याची सगळीच गाणी अशी आहेत." मग पोहे झाकून ठेवले आणि तिला एकेक ऐकवत बसलो. 'आय ॲम युअर मून' ऐकवलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, आणि त्याच आठवड्यांत कोल्टनने हे गाणं लिहिलं. प्लूटोचा चंद्र कॅरन प्लूटोला सांगतोय की ते तुला काय म्हणतात ते म्हणू देत, तू माझा चंद्र आणि मी तुझा चंद्र, आपण एकमेकांभोवती फिरतोय. विज्ञानाच्या बाजूनेही हे पक्कं आहे, कॅरन प्लूटोच्या तुलनेत एवढा मोठा आहे की दोघं मधल्या रिकाम्या बिंदूभोवती फिरतात. भाचीला शाळेत सौरमंडळ शिकवलंय त्यात प्लूटो नाहीच, तिला ही कथाच माहीत नव्हती. तिने ते गाणं सलग तीन वेळा लावलं.

माझ्यासाठी या चार अल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं मात्र 'यू रुइन्ड एव्हरीथिंग'. नावावरून भांडण वाटतं, पण ते आई-बाप होण्याबद्दल आहे. मूल आलं आणि आधीचं सगळं आयुष्य मोडून टाकलं, झोप गेली, मोकळीक गेली, आणि मोडलं ते किती छान मोडलं, असं ते गाणं आहे. आमची मुलगी झाली तेव्हा पहिले तीन महिने ती रात्री दोन ते चार जागी असायची. बायको दमून झोपलेली, मी मुलीला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायचो आणि हे गाणं अगदी हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हणायचो. कर्वेनगरच्या गल्लीत त्या वेळी फक्त दुधाचे क्रेट उतरवायचा आवाज. ते गाणं म्हणताना मला कधी गोडगोड वाटलं नाही, खरं वाटलं, कारण त्यात तक्रार पण आहे. ज्या गाण्यात तक्रारच नाही त्या अंगाईवर माझा त्या महिन्यांत विश्वास बसला नसता.

'शॉप व्हॅक' पण असंच. वरवर उडत्या चालीचं, शहराबाहेर मोठं घर घेतलेल्या नवरा-बायकोचं गाणं. ती वर जाऊन रडते, तो खाली तळघरात मोठा व्हॅक्यूम क्लीनर चालवत काहीतरी ठोकत असतो, हाक मारलीस तरी मला ऐकू यायचं नाही असं सांगून. चाल इतकी मजेची की पहिल्यांदा ऐकताना कळतच नाही की हे संसार मोडायला आलेल्या दोन माणसांबद्दल आहे. आपल्याकडे तळघर नसतं, पण टीव्हीचा आवाज मोठा करून बसणारी माणसं प्रत्येक सोसायटीत आहेत.

आता जे आवडलं नाही ते.

रेकॉर्डिंग सारखं नाही. दर आठवड्याला घरी केलेलं काम आहे, ते कानाला कळतं. काही गाण्यांत आवाज पुढे आहे, काहींत वाद्यांच्या मागे, कॉम्प्युटरवर बनवलेले ड्रम दोन-तीन ठिकाणी पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. चांगले हेडफोन असतील तर जास्तच जाणवतं. दुसऱ्या अल्बमचा मधला भाग मला सैल वाटतो, मी हल्ली तो पुढे ढकलतो. काही विनोद त्या वेळचे आणि तिथलेच आहेत. 'टॉम क्रूझ क्रेझी' समजायला २००५-०६ मधली टॉम क्रूझची प्रकरणं आठवावी लागतात. 'स्कायमॉल' हे अमेरिकेतल्या विमानात सीटच्या खिशात असायचं त्या वस्तूंच्या कॅटलॉगबद्दल आहे, ती कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि आपल्यापैकी फार जणांनी तो कॅटलॉग बघितलाही नसेल. 'कोड मंकी'त येणारं टॅब हे पेय कोका-कोलाने २०२० मध्ये बंद केलं. पण इथे मला अडचण आली नाही, आपण आपला कटिंग चहा आणि वडापाव घालून ऐकायचं.

आणि एका गोष्टीचा मला अजून राग आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. पहिल्या अल्बममध्ये 'बेबी गॉट बॅक' आहे. मूळ १९९२ चं सर मिक्स-अ-लॉटचं रॅप, धटिंगण आणि मोठ्याने वाजणारं. कोल्टनने २००५ मध्ये त्याला स्वतः नवीन चाल लावली, हळुवार, आवाजावर आवाज चढवत, जुनं लोकगीत असावं तशी. रीतसर परवाना काढून. एका ठिकाणी मूळ गायकाच्या नावाऐवजी स्वतःचं नाव घातलं, जॉनी सी. २०१३ च्या जानेवारीत 'ग्ली' या अमेरिकेतल्या गाजलेल्या टीव्ही मालिकेत ते गाणं आलं, आणि चाल हीच, मांडणी हीच, इतकंच काय ते 'जॉनी सी' सुद्धा तसंच. ना विचारलं, ना नाव दिलं. त्यानेच तेव्हा जाहीर सांगितलं की त्याला उत्तर मिळालं ते असं की आम्ही कायद्यात राहूनच केलंय आणि तुला प्रसिद्धी मिळाली म्हणून तू खूश असायला हवं. कव्हरच्या, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गायलेल्या आवृत्तीच्या, चालीबाबत कायदा त्याच्या बाजूने भक्कम नव्हता. मग त्याने काय केलं, तर आपलंच जुनं रेकॉर्डिंग 'ग्लीच्या शैलीत' असं नाव देऊन परत विकायला ठेवलं आणि त्याचे पैसे शाळांमधल्या संगीत शिक्षणासाठी आणि समलिंगी मुलांना आधार देणाऱ्या कामासाठी दिले. जो माणूस आपली गाणी जगाला मोकळी देतो, फक्त नाव ठेवा म्हणतो, त्याचं नावच गाळलं. मी जेव्हा जेव्हा ते गाणं वाजवतो तेव्हा आधी सांगतो की ही चाल कोल्टनची आहे.

बाकी त्याचं पुढे छान चाललं हे बघून बरं वाटतं. अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने २०११ मध्ये त्याच्या कमाईवर एक भाग केला होता, रेकॉर्ड कंपनीशिवाय हा माणूस वर्षाला जवळपास पाच लाख डॉलर कमावतोय हे ऐकून तिथले लोक चाट पडले होते. त्याच वर्षी त्याने चाहत्यांना घेऊन जहाजावरची सफर सुरू केली, गाणी, गेम, गप्पा, आणि ती सफर दरवर्षीचीच झाली. २०११ मध्येच 'आर्टिफिशियल हार्ट' आला, दे माइट बी जायंट्स या बँडच्या जॉन फ्लॅन्सबर्गने केलेला, पूर्ण बँड घेऊन, त्यात विनोद कमी आणि उदासी जास्त. २०१७ मध्ये 'सॉलिड स्टेट', सोबत मॅट फ्रॅक्शन या कॉमिक-लेखकाने लिहिलेलं कॉमिक. २०१२ ते २०२१ 'आस्क मी अनदर' या रेडिओवरच्या क्विझ कार्यक्रमात तो गिटार घेऊन बसायचा आणि कोडी गाण्यातून घालायचा. 'सॉलिड स्टेट'वर वेगळं लिहावं लागेल, तो इंटरनेटवरच वाढलेल्या माणसाने इंटरनेटबद्दल भीती व्यक्त केलेला अल्बम आहे आणि 'थिंग अ वीक'मधलं ते फोटोंचं आनंदी गाणं ऐकून मग तो ऐकला की अंगावर येतो.

घ्यायचा असेल तर क्रम सांगतो. चारही एकदम घेणार नसाल तर तिसरा आधी घ्या, त्यात 'कोड मंकी' आहे. मग चौथा, चंद्र आणि बाळ दोन्ही त्यात. नंतर दुसरा, झाँबीसाठी. पहिला शेवटी, पण घ्या, कारण 'शॉप व्हॅक' आणि 'बेबी गॉट बॅक' तिथे आहेत आणि त्या पहिल्या महिन्यांत तो अजून चाचपडतोय ते ऐकू येतं. चौथ्याच्या शेवटी बावन्नाव्या आठवड्याला त्याने क्वीन या बँडचं विजयाचं गाणं गाऊन वर्ष संपवलंय, ते मध्येच ऐकू नका, बाकीची एक्कावन्न ऐकून मगच लावा.

भाचीने नाशिकला गेल्यावर ताईकडे हट्ट करून सेकंडहँड गिटार घेतली. परवा व्हिडिओ कॉल आला, बोटांच्या टोकांना फोड आलेले दाखवत होती. 'आय ॲम युअर मून'चा दुसरा कॉर्ड लागत नाही म्हणे, करंगळी पोहोचत नाही. मी कॅमेऱ्यासमोर गिटार धरून अंगठा गिटारच्या मानेच्या मागे थोडा खाली घ्यायला सांगितला. पुढच्या रविवारी परत फोन करणार आहे.